लसणाचा वास

"सोनं मरत नाय मास्टरसाब, लपून बसतंय," असं म्हणत चाचा बोटाचं टोक जिभेला लावायचे, माझ्या टेबलावरची धूळ त्यावर उचलायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे. चहाला आले तरी हेच. माझ्याकडे खडूच्या भुकटीखेरीज काही निघणार नाही, हे मी कितीदा सांगितलं, पण जित्याची खोड.

सराफ्याच्या मागच्या बोळात असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख, कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा न्यायचं आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे काढायचे. आपल्याकडे त्याला झारेकरी म्हणतात. चाचा आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, आणि चाळीस वर्षं झारेकरी. केर चिमटीत चोळून आत किती माल आहे ते सांगत, आणि सहसा चुकत नसत.

गंमत अशी, की आयुष्यभर लोकांचं सोनं धुणाऱ्या या माणसाच्या बायकोच्या नाकात कडुलिंबाची काडी होती. लेकीच्या लग्नात चाचींनी आपली चमकी उतरवून दिली आणि टोचलेलं भोक बुजू नये म्हणून काडी घातली. मी एकदा चेष्टेत म्हणालो, "दिव्याखाली अंधार, चाचा." ते हसले नाहीत. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढे सोनारांनी यंत्रं बसवली आणि केर मिळेनासा झाला. त्याच सुमारास चाचांचा ट्रकवाला मेहुणा कर्नाटकातल्या एका खाणीजवळच्या टाकाऊ ढिगातून दोन पोती दगड घेऊन आला. दगडात पिवळी-करडी चमक होती. मी ऐटीत सांगितलं, ही सोनमाखी, लोखंड आणि गंधक. हिला सोनं समजून पुष्कळ जण फसलेत.

"चमकतंय ते सोनं नाय, ते मला ठाऊक हाय," चाचा म्हणाले. "सोनं त्याच्या पोटात हाय. गंधक जाळला की भाईर येतंय."

त्यांचं बरोबर होतं. चाचींच्या चमकीपुरतं सोनं काढायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी मला सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणाले.

अंगणात भट्टी लागली. पहिल्याच दिवशी गंधकाचा धूर आमच्या घरात शिरला, सून खोकून बेजार झाली आणि मी तावातावानं जाऊन चाचांना नको ते बोललो. ते खजील झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टी स्वयंपाकघरात नेली आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. माणसाला शेजारधर्म कळतो, असं मी घरी म्हणालो.

दगडाची भुकटी लोखंडी तव्यावर तासन्‌तास परतावी लागे. चाचा उरल्यासुरल्या केरासाठी सराफ्यात जात, परतायला चाची बसत. भाकरी भाजणाऱ्या बाईला आच कळते, असं चाचा कौतुकानं सांगत. फटीतून थोडा वास यायचाच, पण आता तो लसणासारखा होता. मी भिंतीवरून विचारायचो, "चाची, आज डाळीला बघार लई दिलाय?" त्या आतून हसायच्या. पुढे पुढे त्यांचा आवाज बसलेला असायचा.

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. आर्सेनिक असलेला दगड भाजला की लसणासारखा वास येतो, ही ओळ मी दर वर्षी फळ्यावर लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली. तोच मी भिंतीवरून डाळीची चौकशी करत होतो. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

काही महिन्यांत चाचींचे तळवे खरखरीत झाले, अंगावर काळे ठिपके उठले, पायांना मुंग्या येऊ लागल्या. चाचांचेही हात तसेच झाले होते, पण झारेकऱ्याचे हात कोण बघतो? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात काय जाळता? काय सांगावं म्हणून चाचा माझ्याकडे आले, तेव्हा मला ती ओळ आठवली. मी प्रथमच त्या स्वयंपाकघरात गेलो. तावदानांवर आतून आर्सेनिकची पांढरी पूड बसली होती. चाची ती रोज पदरानं पुसत. मी भट्टी विझवायला लावली आणि डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात चाची गेल्या. आंघोळ घालणाऱ्या बायकांनी त्यांच्या नाकातली काडी काढून घेतली.

सोनं निघालं होतं. मोहरीएवढा दाणा. चाचांनी तो कागदाच्या पुडीतून मला दाखवला आणि याचं काय करू, असं विचारलं.

चाळिसावा झाल्यावर ते खुलताबादला भावाकडे कायमचे जायला निघाले. त्याआधी त्यांना गाठून एक वाक्य बोलायचं मी ठरवलं होतं: चाचा, त्या खिडक्या माझ्यामुळे बंद झाल्या. पण चाचाच गाठोडं घेऊन माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"मास्टरसाब, आमच्या धुराचा तुमाला लई तरास झाला," ते म्हणाले. "माफ करा."

"चालायचंच, चाचा," मी म्हणालो, आणि माफ केल्यासारखी मान हलवली.