सावित्रीवहिनीच्या पोटावरच्या चांदण्या

मित्रांनो, आज दुपारी कुंभारवाड्यात सावित्रीवहिनीच्या लेकीचं डोहाळजेवण झालं.

हीच लेक नव्वदच्या दशकात पोटात होती, तेव्हा वहिनीच्या यकृताच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. बाळाला अपाय नको म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद केल्या आणि त्याऐवजी त्याच कामाचं इंजेक्शन रोज पोटाच्या कातडीखाली सुरू केलं. सुई टोचल्या जागी निळे डाग उठले.

सासू घाबरली. "दृष्ट लागली गं! सुया बास."

वहिनी सासूला म्हणाली, "सुया थांबल्या तर आमी दोगंबी राहणार न्हाई, आत्या."

मग सासू रोज प्रत्येक डागाशेजारी हळदीचं बोट लावायची. म्हणायची, "चांदण्या हायत, मोजू नये."

आज थकलेल्या सासूनं नातीला विचारलं, "तुला चांदण्या न्हाईत व्हय?"

सगळ्या हसल्या. वहिनीनं मात्र हळदीत बोट बुडवलं आणि लेकीच्या पोटावर एक ठिपका दिला.

तुमच्या घरात भीतीला असं गोड नाव कुणी दिलंय?