टाळी वाजली की दाराशी

काकूंमुळे मी पुण्यात टिकले. हे आधी लिहिते, बाकीचं मग.

कसबा पेठेत एका इमारतीच्या माळ्यावर आम्ही सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारी वाद्यं, जोडतो. काकू तपासणीला, मी त्यांच्या हाताखाली. मी गोंदियाकडची, नववीत शाळा सुटलेली. राहायची खोली कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की तीही जाणार. त्यामुळे सदा धास्ती. तपासणीची खोली प्लायवूडची, बिनखिडकीची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून बसायचं. जीव कोंडायचा, पण सांगणार कुणाला?

त्या दिवशी काकू बँकेत गेल्या होत्या. यंत्रात सूर काढणारे दोन ऑसिलेटर असतात. दुसऱ्याचं बटण फिरवलं की सूर चढायला हवा. चढेना. आवाज नुसता किंचाळायचा, सूर जागच्या जागी. एकेक करत सगळी यंत्रं मी खराब मालात टाकली.

काकू आल्या. “सगळीच बिघडली? वा! मालकांना सांगू, उद्यापासून वडापाव विका.”

“मी काहीच नाही केलं वो काकू!” मला रडूच फुटलं.

त्यांनी तपासणीच्या टेबलावरची सिंकची कळ पाहिली. ती चालू असली की टेबलाला जोडलेल्या प्रत्येक यंत्रातला दुसरा ऑसिलेटर पहिल्याला बांधला जातो. चालू होती. सकाळी पुसताना माझाच हात लागला असणार.

“ऊठ. दारापासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घाल. मी टाळी वाजवली की असशील तिथून थेट दाराशी, आणि पुन्हा सुरू.”

हळू चालले, भिंत यायच्या आत टाळी. भरभर चालले, भिंतीला शिवून परत निघाले, तोवर टाळी. पुन्हा दार.

“मी पहिला ऑसिलेटर, तू दुसरा. तू पळालीस म्हणून माझ्या टाळ्या भरभर झाल्या का?”

“नाही.”

“मग सूर कसा चढेल? तो टाळ्यांच्या वेगावर ठरतो. तुझ्या पळण्यानं फक्त आवाजाचा पोत बदलतो. त्या किंचाळण्यासाठीच तर लोक हे घेतात, बाई.”

समजलं. पण त्या बंद दाराशी उभी असताना वाटलं, कितीही पळा, परत इथेच.

तेवढ्यात मालक आले. ढीग बघून कपाळाला आठ्या.

“कळ मीच चालू ठेवून गेले,” काकू म्हणाल्या. “माझी चूक.”

“वय झालं आता तुमचं,” म्हणून ते निघून गेले. माझं काम राहिलं, खोलीही राहिली.

काकू, ते वाक्य तुम्ही माझ्यासाठी ऐकून घेतलंत. कधी तुमच्या हातून खरंच काही सुटलं आणि मालक दारात उभे राहिले, तर मी पुढे होऊन चूक माझी म्हणेन. खोली जाण्याची धास्ती तेव्हाही असेल, तरी म्हणेन.