निव्वळ भाडं

वडील ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशातून त्यांनी पाथर्डी फाट्याकडे एक दुमजली इमारत बांधली. खाली बँकेची शाखा, वर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका. ते गेल्यावर इमारत माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर झाली. भाऊ पुण्याला, मी नाशिकातच. त्यामुळे बघायचं मी, असं कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं.

मोटर जळली की फोन मला, वरचं बेसिन तुंबलं की मला. बँकेच्या जनरेटरचा धूर अभ्यासिकेत शिरायचा, मग अभ्यासिकेच्या बाई मला सांगणार, मी मॅनेजरना सांगणार, मॅनेजर म्हणणार, वरच्या ऑफिसला कळवतो. घरपट्टी भरायला मी, प्लंबर शोधायला मी, तो आला नाही तर परत शोधायला मीच. नोकरी होती तोवर यात रविवार जायचे. नोकरी संपल्यावर सगळेच वार त्यात गेले. भाडं जमा झालं की अर्धं भावाच्या खात्यात टाकायचे. तो 'मिळाले' एवढंच लिहायचा. मनाने वाईट नव्हता तो. दिवाळीला न चुकता यायचा, माझ्यासाठी साडी आणायचा.

शेवटी मीच म्हणाले, विकून टाकू या.

"आत्ता?" तो फोनवर म्हणाला. "कुंभमेळ्याची कामं चालली आहेत, रस्ते होताहेत. भाव चढतील, ताई. थोडं थांबू."

"मला नाही थांबवत आता."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. तो त्याच आठवड्यात आला. येताना आकडा ठरवूनच आला होता. शेजारचा गाळा ज्या किमतीला विकला गेला, त्या हिशेबाने आपले चौरस फूट मोजून त्याने दोन कोटी काढले होते. तरी कागदावर असावं म्हणून एका मूल्यांकनकाराला बोलावलं. साठीचे, शांत गृहस्थ. इमारत बघून आले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर करारांच्या प्रती पसरून बसले.

"अशी भाड्याची जागा घेणारा माणूस भिंती विकत घेत नाही," ते म्हणाले. "तो पुढचं भाडं विकत घेतो. म्हणून वर्षाचं निव्वळ भाडं काढायचं आणि त्याला दराने भागायचं. दर म्हणजे घेणारा आपल्या पैशावर वर्षाला जेवढे टक्के मागतो तो. कॅप रेट म्हणतात त्याला."

"किती धरता?" भावाने विचारलं.

"इथे, असा भाडेकरू असताना, आठ टक्के. निव्वळ बारा लाख आहेत. दीड कोटी होतात."

भावाने मोबाइलवर आपला दोन कोटींचा हिशेब पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "दर जरा वाढवता येणार नाही?"

"वाढवला तर किंमत उतरेल. दहा टक्के धरले तर एक कोटी वीस लाखच होतील. भाडेकरू जाईल, जागा रिकामी पडेल, अशी धास्ती जिथे जास्त, तिथे घेणारा जास्त टक्के मागतो. बिनधास्त जागा असली की कमी टक्क्यांतही खूश असतो, आणि तिथे किंमत चढते."

मला ते पटलं. एवढी वर्षं त्या जागेची धास्ती मीच वाहिली होती, तिला काही नाव असतं हे ठाऊक नव्हतं.

भावाने कागद आपल्याकडे ओढला. भाड्यातून काय काय वजा केलंय ते बघू लागला. घरपट्टी, विमा, दुरुस्ती, मधे जागा रिकामी राहिली तर तेवढा काळ. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"देखभाल आणि व्यवस्था, वर्षाला बहात्तर हजार. हे कसले?"

"महिना सहा हजार. इमारत बघणाऱ्या माणसाचे."

"असा माणूसच नाहीये. ताई बघते."

"हो, पण…"

"मग काढा ना ते. खर्च झालेलाच नाही, तर वजा कशाला करायचा? तेवढ्याने किंमत किती वाढेल?"

मूल्यांकनकारांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर कागदाकडे वळवली. "नऊ लाखांनी वाढेल. पण काढता येणार नाही. इमारत विकल्यावर ताई काही तिच्याबरोबर जाणार नाहीत. नव्या मालकाला पगार द्यावाच लागेल."

भाऊ हसला. "म्हणजे ताईमुळे नऊ लाख कमी."

त्याने ते सहज म्हटलं, मला माहीत आहे. मी उठून चहा ठेवला. दूध उतू जाईपर्यंत गॅसजवळ उभी होते. रडू आलं नाही, रागही नीटसा आला नाही. फक्त वाटलं, आपण फार दमलो आहोत.

चहा दिला आणि बसता बसता भावाला म्हटलं, "विकेपर्यंत आता तू बघ. बँकेला आणि अभ्यासिकेला तुझा नंबर देते."

"मी पुण्याहून कसं बघणार?"

"ते तू ठरव."

मी खरंच नंबर दिले. पहिले काही दिवस फोन वाजला नाही की मीच अस्वस्थ व्हायचे. मग भावाचा फोन आला. "ताई, एक माणूस मिळालाय. सात हजार मागतोय."

"दे मग."

"टाकीचा व्हॉल्व्ह कुठला गं? तो विचारतोय."

मी सांगितलं.

गिऱ्हाईक मिळालं ते नामपूरकडचं. कांद्याचे व्यापारी, मुलं शहरात शिकायला ठेवलेली. त्यांनी भिंतीला हातसुद्धा लावला नाही, आधी बँकेचा करार मागितला. करार संपायला फार काळ उरला नव्हता, त्यावर बोट ठेवून त्यांनी नऊ टक्क्यांचा हिशेब मांडला. भावाने खूप घासाघीस केली. दीड कोटी काही आले नाहीत. मधल्या एका आकड्यावर जमलं आणि खरेदीखत झालं.

नोंदणी कार्यालयाच्या बाहेर व्यापारी माझ्याजवळ आले. "ताई, बँकेचे साहेब सांगत व्हते, आजवर सगळं तुम्हीच पाह्यलं. आम्ही तिकडं लांब. महिन्याला आठ हजार देतो, तुम्हीच पाहा ना पुढं."

भाऊ शेजारीच उभा होता.

"नको," मी म्हणाले. "आता होत नाही माझ्याच्यानं."

त्यांनी आग्रह केला नाही. आम्ही दोघं रिक्षाने घरी निघालो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला भाऊ म्हणाला, "आठ हजार म्हणाला तो."

"ऐकलं मी."

"ताई, तू कधी बोलली नाहीस."

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याला मी वळण सांगितलं. घरी आल्यावर खिचडी टाकली, दोघं जेवलो. तो चारच्या बसने गेला. जाताना पाया पडला, एरवी फक्त दिवाळीला पडतो. मी दार लावलं आणि तशीच सोफ्यावर आडवी झाले. जाग आली तेव्हा बाहेर अंधार पडला होता, आणि दिवा लावायलाही उठावंसं वाटत नव्हतं.