ड्यूटेरॉनवर जीव लावणारा दादा

अणूच्या केंद्रकाची काळजी करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता आणि तो आमच्या खोलीवर राहत होता, असं मी खात्रीने लिहितो. एरवी मला कसलीच खात्री नसते. मी गेवराईकडचा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच; तो खोलीतला सीनियर, मी त्याला दादा म्हणायचो, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. त्याचा सगळा जीव ड्यूटेरॉनवर. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, बस. पण दादा त्याच्याविषयी शेजारच्या नवराबायकोविषयी बोलावं तसं बोलायचा. "दोघंच हायती बे घरात, आन् लई सैल धरलंय एकमेकांला. न्यूट्रॉनला एकटं सोडलं तर घटकाभरात संपतंय. जोडीत हाय म्हणून जगतंय." हे सांगताना त्याचा आवाज जड व्हायचा आणि पुढ्यातली भाकरी गार.

आमचे जेवणाचे डबे गावाकडून एस.टी.ने यायचे. डबा हातात पडला की दादा तो उघडायचा नाही. स्टँडवरच चहूबाजूंनी टिचक्या मारायचा, कान लावायचा आणि आत काय कुठे आहे ते सांगायचा. "ड्यूटेरॉनवर इलेक्ट्रॉन असेच मारत्यात. कोणता किती वळला ते बघायचं, त्यावरून आतला आकार वळखायचा. उघडून बघता येत न्हाई." एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "मास्तर, ह्याला झाकण हाय की!" दादाने सांगितलेली भाजी सहसा चुकायची. त्या दुष्काळाच्या वर्षी मात्र चुकायला फार जागाच उरली नाही. डबे नुसतेच वाजायचे.

उन्हाळ्यात त्याची म्हैस आणि दोन बैल पाली गावाकडे दूध सोसायटीच्या चारा छावणीत होते. दादा तिथेच मुक्कामाला, म्हणून मीही अधूनमधून जायचो. पालथ्या टोपलीखाली वीट लपवून, फटीतून ज्वारीचे दाणे मारून त्याने मला इलेक्ट्रॉनचा प्रयोग दाखवला, तेव्हा त्याच्या आईने दोघांनाही मातीतून दाणा न् दाणा वेचायला लावला. "शिकलेली हाय म्हणं पोरं!" एवढंच ती म्हणाली. दादा वेचता वेचताही कोणता दाणा कुठे उडाला ते बघत होता.

त्यातच पुण्याहून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. काम हेच, इलेक्ट्रॉन मारून ड्यूटेरॉन तपासायचं. पण छावणीत रोज संध्याकाळी हजेरी व्हायची. जनावरापाशी घरचं माणूस नसलं की दुसऱ्या दिवशीचा चारा बंद. वडील नव्हते, आणि आई त्याच वेळी गावात टँकरपाशी घागरी घेऊन उभी असायची. "न्हाई जात," दादा म्हणाला. "जनावरं उपाशी ठिवून कसला ड्यूटेरॉन?"

मी चाचरत म्हणालो, "मी उभा राहतो."

"तुला म्हशीचं तोंड कोणतं, शेपूट कोणतं, ते तरी कळतं का बे?"

आईने मात्र सोसायटीच्या माणसाला सांगून ठेवलं, "माझाच हाय, धाकटा." हजेरीला त्या माणसाने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बराच वेळ पाहिलं, पण वहीत हजेरीची खूण केली. म्हशीला ते पटलं नाही. तिने लाथ मारली. चारा तेवढा चालू राहिला.

दादाची निवड झाली आणि तो गेला. पुढे पाऊस पडला, छावणी उठली. त्याचा फोन क्वचित येतो, आणि आला तरी तो ड्यूटेरॉनचीच खुशाली सांगतो. मी सुटीत त्याच्या आईकडे, काकूंकडे जातो. आता त्या घरात एकट्याच असतात. परवा त्यांनी विचारलं, "त्याचं काम तरी नेमकं काय हाय रं?"

मी मला जमेल तसं सांगितलं. दोघं असतात, सैल धरलेले. त्यांच्यावर बाहेरून मारा करतात. हळू मारलं तर आकार कळतो, जोरात मारलं तर दोघं सुटे होतात.

काकूंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मग जोरात कशापायी मारत्यात?" त्या म्हणाल्या. "त्याला म्हणावं, हळूच मार."

मी बरं म्हणालो. अजून त्याला सांगितलेलं नाही.