टेपवर चढवलेलं लग्न

माझ्या कॉम्प्युटरमधली साठवणीची हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि मला टेप ड्राइव्हचं वेड लागलं. कर्जतमध्ये मी लग्नाचं शूटिंग करतो, त्यामुळे निम्म्या तालुक्याची लग्नं माझ्याकडे साठवलेली. ती टेपवर काढून कपाटात ठेवली की वर्षानुवर्षं टिकतात, असं कुठंतरी वाचलं होतं. मित्रांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी कॅसेट? मग जोडीला रेडिओपन घे!" हसा लेको, म्हटलं.

पुण्यातल्या एका ऑफिसने काढून टाकलेला ड्राइव्ह मी मागवला. खोका एवढा जड की टेम्पोवाल्याने विचारलं, "पिठाची गिरनी हाय का?" घरी कॉम्प्युटर उघडून त्यात कार्ड बसवलं, वायर जोडली आणि बटण दाबलं. काय तो आवाज! आधी पंखा घोंघावला, मग आत काहीतरी खर्रकन फिरलं आणि हिरवा दिवा लागला. मी खोलीत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. तरी नीट पारखून घ्यायचं, असं ठरवलं होतं. साधा ट्रायपॉड घेतानाही मी दुकानदाराला रडकुंडीला आणतो.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करायची. त्याने एक बारसं टेपवर नेलं, परतही आणलं, पण फोल्डरच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. बारसं झालं आणि बाळ बिननावाचंच! चिडून ते काढून टाकलं. दुसरं महिनाभर वापरून बघायला मिळणारं, रंगीत बटणांचं. त्याने नावं बरोबर आणली, वेगही झकास. मग म्हटलं, आता मोठी परीक्षा. माझ्याकडचं सगळ्यात मोठं फोल्डर माझ्याच लेकीच्या लग्नाचं होतं. ते टेपवर चढवलं. ते टेपवरून नीट परत येतं का, हे बघायचं मात्र दुसऱ्या दिवसावर टाकलं.

हे लग्न बायकोने अजून बघितलं नव्हतं. आमच्याकडे अक्षता पडताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. ती तुळशीला पाणी घालत उभी राहते आणि मंगलाष्टका स्पीकरवरून ऐकते. शूटिंग माझ्या दोस्ताने केलं होतं, पण वैशाखापासून गिऱ्हाइकांच्या कामापुढे घरचं एडिटिंग मागेच पडलं, आणि कच्चं काम मी कुणाला दाखवत नाही. बायकोलासुद्धा नाही. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये तुकडे होते, पण त्यांत पुढच्यांचे फेटेच जास्त.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी आंघोळ करून येईपर्यंत बायकोने कॅमेरे, लाइट, ट्रायपॉड आणि नवा ड्राइव्हसुद्धा पाटावर मांडून पूजा उरकली होती. ड्राइव्हला हळदीकुंकू, आणि टेप घालायच्या फटीत झेंडूचं फूल! मला हसू आवरेना. कॉम्प्युटर जड म्हणून जागेवरच राहिला होता. हसत हसतच तो सुरू केला, तर डिस्क एकदा जोरात टकटकली आणि कायमची गप्प झाली.

माझं हसू तिथंच विरलं. मेमरी कार्डं तर कधीच पुसून पुढच्या लग्नांना वापरलेली. गिऱ्हाइकांची लग्नं निदान त्यांच्या त्यांच्या घरी होती, लेकीचं लग्न आता फक्त त्या टेपवर होतं, तेही नीट उतरलंय की नाही हे न तपासलेलं. आणि पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत.

"उद्या बघा," बायको म्हणाली. "आज हत्यारं इसावा घेत्यात."

"अगं, डिस्क गेली. पोरीचं लग्न आता त्या टेपातच हाय."

"मी बघितलं न्हाई ते?"

"व्हय. तेच."

दसऱ्याला करायची उत्तरपूजा तिने उभ्या उभ्या उरकली. मूठभर अक्षता ड्राइव्हवर टाकल्या, तो पाटावर जरासा हलवला आणि हात जोडले. "बाकीची झोपू द्या," म्हणाली, "ह्याला उठवलाय मी." मग लेन्सची धूळ उडवायचा माझा रबरी फुगा घेऊन तिने फूल काढून फटीतली हळद फुसफुस करत उडवली. मला जवळ येऊ देईना.

मी आधीच आणून ठेवलेली नवी डिस्क कॉम्प्युटरमध्ये बसवली, वायर जोडली आणि ड्राइव्हने टेप आत घेतली. खरखर झाली, मग काहीच नाही. पुन्हा खरखर, आणि नव्या डिस्कवर एकेक फाइल उतरायला लागली! मी ओरडलोच. बायकोने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच माझ्याहून मोठ्याने ओरडली. अक्षतांची फाइल आल्याबरोबर मी माझा नियम मोडला आणि कच्चीच लावून दिली.

अंतरपाट धरलेला, लेक हार घेऊन उभी. पण बाईसाहेब सारख्या मान वळवून मांडवाबाहेर बघतायत. करवली कोपराने ढोसते, की ही पुन्हा तिकडेच. बायकोने तिथल्या तिथे लेकीला फोन लावला, स्पीकरवर.

"नवरा म्होरं उभा, आन् तू कुठं बघत हुतीस गं? सगळं शूटिंगमधी आलंय!"

"तू दिसतीस का बघत हुते," लेक म्हणाली.

फोन तसाच चालू ठेवून बायकोने माझ्या हातातला माउस घेतला आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली.