फोटोग्राफराचा वाटा

कॅमेऱ्याची जुनी बॅग कितीही उन्हात टाकली, तरी तिचा बांगड्याचा वास काही जात नाही. नवा कॅमेरा घेतला तेव्हा आचऱ्याच्या किनाऱ्यावर मी रापणीचे फोटो काढायला गेलो होतो. सकाळच्या उन्हात तीसेक माणसं समुद्रातलं मोठं जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढत होती. त्यांच्या म्होरक्या म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तेव्हा मी छाती काढून सांगितलं, ‘‘मी फोटोग्राफर आहे.’’ ‘‘आसशीत,’’ तो म्हणाला, ‘‘पण हंय नुसतो उभो रवान चलाचा नाय. दोर धर!’’ कॅमेरा पाठीवर ढकलून मी दोन तास दोर ओढला. शेवटी जाळं वाळूवर आलं आणि चांदीच उसळली. याच फोटोसाठी मी आलो होतो, पण सोललेली बोटं बटणावर ठरेनात. एकूण एक फोटो हलला. म्हाताऱ्याने कॅमेऱ्यात डोकावून मान हलवली. ‘‘फोटोचा काय खरा नाय रे. दोर मात्र बरो ओढलंस. आणि ज्येना दोर ओढल्यान, त्येका वाटो!’’ पिशवी मी आणलीच नव्हती. त्याने सरळ माझी बॅग उघडली आणि लेन्सच्या कप्प्यांत एकेक बांगडा बसवला. कप्पे जणू त्यांच्याच मापाने शिवले होते. आता कुणी विचारलं, ‘काय करता?’, तर ‘फोटोग्राफर’ म्हणायच्या आधी मी बॅगेची चेन नीट लागली आहे ना, ते बघतो.