आठ जणींचं मिळून वजन

रुग्णालयाच्या धुलाईघरात आक्का म्हणजे मोठं प्रस्थ. ओल्या चादरीचं एक टोक तिने पिळायला धरलं, की दुसऱ्या टोकाची बाई हमखास पुढे खेचली जायची. "खुर्ची सांभाळा, आक्का आली," हा टोमणा तिला लहानपणापासून पाठ. ती हसण्यावारी न्यायची, पण लागायचं. धुलाईघराच्या बायकांनी रस्सीखेचीचा संघ काढला आणि सगळ्यांत मागे उभं राहून दोर अंगाभोवती घ्यायचा मान तिला मिळाला, तेव्हा कुठे या देहाचं चीज झालं.

त्यात बाईला चौकशा फार. बॉयलर सांभाळणारा मास्तर हाच संघाचा प्रशिक्षक. बिचाऱ्याने डबा उघडला की हिचे प्रश्न सुरू.

"मास्तर, हा खेळ खरंच ऑलिंपिकमध्ये होता?"

"होता की! १९०० पासून १९२० पर्यंत. एकदा तर समोरच्या पोलिसांचे बूट फार जड आहेत म्हणून एक संघ रुसून निघून गेला."

"अगोबाई! मग बंद का पडला?"

"खेळांची काटछाट झाली, त्यात आपलाही गेला. पण दोर ओढणारी माणसं गप्प बसतात होय? १९६० मध्ये स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, पुढे जागतिक स्पर्धा भरवल्या. आता आपणही चाललोय ना परदेशात!"

"तिथे वजन जितकं जास्त तितकं बरं, नाही का?"

मास्तरने घास खाली ठेवला. "तिथेच घोडं अडलंय, आक्का. तिथे वजनाचे गट असतात. आपल्या गटात आठ जणींचं मिळून पाचशे चाळीस किलो, वर चालत नाही. आपण अकरा किलो जास्त भरतोय."

आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांत जड कोण, हे सांगायला काटा कशाला हवा? तिच्या जागी एखादी सडपातळ बाई घेतली की प्रश्न मिटला. "मला ठेवताय ना?" एवढं विचारायची मात्र तिची छाती झाली नाही. तिने गुपचूप साखर सोडली, पाव सोडला, रात्रीचं जेवणही सोडलं. मास्तर वजन घेऊ म्हणाला की ती कामाचं निमित्त काढायची. गंमत म्हणजे बाकीच्याही काढायच्या.

स्पर्धेच्या सकाळी आठही जणी काट्यावर चढून उतरल्या. बेरीज आली पाचशे एकवीस. मास्तरने कपाळाला हात लावला. समोरचा संघ अगदी काठोकाठ भरलेला होता. दोर दोन्ही खेपेला निमूटपणे त्यांच्याकडे गेला आणि खेळ आटोपला.

गवतावर बूट काढताना आक्काची धाकटी जाऊ भडकली. ती दोराला आक्काच्या पुढेच असायची.

"ताई, तुम्ही कशाला उपाशी राहिलात?"

"मला काढाल म्हणून."

"काढू? अहो, तुम्हाला ठेवता यावं म्हणून तर मी पोट मारलं!"

"मीपण," पलीकडची म्हणाली. मग तिच्या पलीकडची. सातही जणींचं एकच उत्तर.

आक्का भर मैदानात हुंदके देऊन रडली. हरल्याचं वाईट वाटत होतंच, पण इतका आनंद तिला कधी जिंकूनही झाला नव्हता.